एकसष्टाव्या मैलावरची चिठ्ठी

अकराव्या दिवसाची चिठ्ठी रविवारी, नागपंचमीच्या सकाळी आठ वाजता आली. कचेरीला सुटी होती. तरी अय्युब कारकून ती घेऊन बंगल्यावर आला, कारण कालव्याच्या चिठ्ठीला सुटी नसते.

रामहरी ओट्यावर दाढी करत होते. इंदापूरच्या पाटबंधारे पोटविभागाचे ते डेप्युटी इंजिनिअर. त्यांनी साबण लावलेल्या तोंडानेच हात पुढे केला.

कागद नेहमीचा, हिशेबाच्या वहीतून फाडलेला. अक्षर नेहमीचे, मोठे आणि उभे. ‘सकाळी सहा. पाणी नाही. दरवाजा बंद. वळणावर माणसं नाहीत. म्हस्कू.’

एकसष्टाव्या मैलावरचा पाटकरी म्हस्कू तेरा जुलैला, बुधवारी पहाटे, कालव्याचा बांध फुटला तेव्हा वाहून गेला होता. त्याच्याबरोबर वळणाखालची पाच घरांची वस्ती गेली. मुक्ताबाई, तिची जाऊ आणि जावेची तान्ही मुलगी अशी तीन प्रेते मिळाली. म्हस्कूचे मिळाले नाही. गुरुवारपासून त्याची चिठ्ठी पुन्हा रोज येऊ लागली.

“नोंद केलीत?” रामहरींनी विचारले.

“केली साहेब. चिठ्ठी आली की नोंद. लिहिनारा हाय का न्हाय असा रकाना न्हाय आपल्या रजिस्टरात.”

“पेटीवर पोलीस बसवला होता ना?”

“दोन सकाळी बसला. म्हनतो, कुनी आलं न्हाय. शिपायानं पेटी उघडली तर चिठ्ठी आत.” अय्युबने मागे रस्त्याकडे पाहिले. “शिपाई म्हनतो, मी आता तितं जानार न्हाय. बदली करा न्हायतर काढून टाका.”

ती पत्र्याची पेटी अठ्ठावन्नाव्या मैलाच्या दगडाला टांगलेली होती. आसपासचे पाटकरी दिवसातून दोनदा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, गेजवर पाण्याची उंची वाचत आणि चिठ्ठी लिहून त्या पेटीत टाकत. सायकलवाला शिपाई त्या इंदापूरला आणी. तीस वर्षे असेच चालले होते. पाणी किती आहे हे कचेरीला कालव्यावरून नव्हे, चिठ्ठीवरून कळे.

रामहरींनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशातल्या डायरीत ठेवली. त्या डायरीत आणखी एक चिठ्ठी होती, बारा तारखेच्या संध्याकाळची. ती त्यांनी अजून कोणालाही दाखवली नव्हती.

“आज उपमंत्री येनार म्हनं,” अय्युब म्हणाला.

“उपमंत्री उद्या पुण्यात. आज माझे मेव्हणे येणार आहेत,” रामहरी म्हणाले आणि पुन्हा आरशाकडे वळले.

*

रामहरींच्या बायकोने, प्रयागबाईने, आदल्या दिवशी दोन्ही भावांसाठी उपास केला होता. पंचमीला चुलीवर तवा चढत नाही, विळी हातात धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. म्हणून सकाळपासून ती मोदकपात्रात पुरणाची दिंडे उकडत होती. अकराच्या सुमाराला दारात मोटार थांबली. आधी थोरला भाऊ आबाजी उतरला. मग धाकटा मोहनराव, आणि त्याच्या हाताला धरून म्हातारे वडील, रावजी तात्या. बारामतीवरून येताना आबाजीने त्या दोघांना भवानीनगरला बरोबर घेतले होते.

आबाजी बांधकाम खात्याचा, म्हणजे पाटबंधाऱ्यांचाही, उपमंत्री होऊन तीन वर्षे झाली होती. विधानसभेचे पावसाळी अधिवेशन पुण्यात चालू होते आणि कालवा फुटल्याबद्दलचा प्रश्न सोमवारी यायचा होता. मंत्री दिल्लीला गेलेले. उत्तर आबाजीलाच द्यायचे होते.

“उपास सोडलास का, प्रयागे?” त्याने आत येत विचारले.

“तुझं तोंड बघून सोडनार व्हते. आता बघितलं. वाळलायस.”

“मंत्री वाळला तर लोकास्नी बरं वाटतं,” मोहनराव म्हणाला.

पाने मांडली. चौघे पुरुष पाटावर बसले. प्रयागबाई वाढत होती. दोन दिंडे होईपर्यंत कोणी कालव्याचे नाव काढले नाही. मग आबाजीने डाव्या हाताने कोटाच्या खिशातून टंकलिखित कागद काढला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

“खात्यानं मसुदा धाडलाय. ऐका.” तो वाचू लागला, आणि वाचताना त्याची भाषा बदलली. “‘पाण्याची उंची तांबड्या रेषेच्या वर गेल्याचे पाटकरी म्हस्कू याने कळवले नाही. घटनेनंतर तो फरार आहे. संबंधित उपविभागीय अधिकाऱ्याने देखरेखीत कसूर केली किंवा कसे, याची चौकशी चालू आहे.’”

“शेवटचं वाक्य कशाला?” मोहनराव म्हणाला. “खोड ते. म्हस्कू पुरे हाय.”

“फरार कशावरनं?” प्रयागबाईने विचारले.

“रोज चिठ्ठी येती की त्याची. मेलेला मानूस चिठ्ठी लिहितो व्हय?” मोहनराव म्हणाला. “जित्ता हाय, कुठंतरी लपलाय, आन नोकरी जाऊ नये म्हनून कागद टाकतोय. बरं झालं एका अर्थी. आपल्याच हातानं पुरावा देतोय.”

प्रयागबाईला बरे वाटले. हे तिला नंतर कित्येक वर्षे आठवत राहिले, की त्या क्षणी तिला बरे वाटले होते. नवऱ्याचे नाव उद्या सभागृहात निघाले असते तर परवा वर्तमानपत्रात आले असते आणि तेरवा तीन मृत्यूंखाली कायमचे जाऊन बसले असते. एक वाक्य खोडले की ते टळत होते. तिने रामहरींच्या पानावर तूप वाढले. त्यांनी हात आडवा धरला नाही. दिंड बुडाले तरी ते बघतच राहिले.

“म्हस्कूनं कळवलं होतं,” रामहरी म्हणाले.

मोहनरावाचा घास हातातच राहिला.

रामहरींनी डायरीतून बारा तारखेची चिठ्ठी काढून आबाजीच्या पानाशेजारी ठेवली. ‘संध्याकाळी पाच. रेघेच्या वर चार इंच. वळणाला पाझर. दरवाजा उघडू का. म्हस्कू.’

“वळणाच्या अलीकडे सांडव्याचा दरवाजा आहे. तो उघडला की जादा पाणी ओढ्याला जातं. मला ही चिठ्ठी सात वाजता मिळाली. मी उत्तर दिलं, ‘राहू द्या.’ खाली सही केली.”

“का?” प्रयागबाईने विचारले. नवऱ्याला सगळ्यांसमोर असा प्रश्न तिने पूर्वी कधी केला नव्हता.

रामहरींनी आबाजीकडे पाहायचे टाळले, आणि त्यावरूनच तिला उत्तर कळले. रविवारी, दहा तारखेला, भवानीनगरला मोहनरावाच्या मुलीचे बारसे होते. तिथे जेवताना दादा, म्हणजे आबाजी, म्हणाला होता, ‘दाजी, खालच्या फाट्याला पानी पुरंना म्हनत्यात. चार दिवस वाढवून द्या.’ असे म्हणणारे म्हणजे मोहनराव आणि त्याच्याभोवतीचे ऊसवाले. रामहरी मान हलवून ‘बरं’ म्हणाले होते. तेव्हा तीच वाढत होती.

मोहनराव आधी सावरला. “म्हंजे दाजी, गाठ तुमच्यापाशीच हाय की. लेखी तुमी दिलंय. दादाचं काय लेखी हाय?”

“नाही.”

“नियम काय तुमचा? मंत्र्यानं तोंडी सांगितलं तर?”

“त्याच दिवशी लिहून काढायचं. त्यांच्याकडे सहीला पाठवायचं. मग अंमल.” रामहरी एकसारख्या आवाजात बोलत होते. “आधीच्या मंत्र्यांच्या बाबतीत मी दोनदा केलं. तेव्हा अडचण आली नाही.”

“मग ह्या टायमाला का न्हाय?”

“बायकोच्या थोरल्या भावाला, ‘आता म्हणालात ते लिहून द्या,’ असं कसं म्हणायचं, मोहनराव?”

“पुन्याला शिकलेला मानूस,” मोहनराव म्हणाला, “आन हितंच नेमकी सोयरीक आठवली. दादा, म्हस्कूचं वाक्य खोड मग. शेवटचं ठेव. खरं तर खरं.”

“मघाशी उलटं सांगत व्हतास,” प्रयागबाई म्हणाली. “ऊस तुझा, मोहन. पानी तुझ्यासाठी वाढलं.”

“माझ्या एकट्यासाठी? तीनशे शेतकरी हायत खाली.”

“बारशाला तीनशे नव्हते. तू व्हतास.”

“मी मागितलं. मागायला मला मनाई न्हाय. द्यायचं का न्हाय ते ज्यांचं काम त्यांनी बघायचं. दादानं सांगितलं ते बी बरोबर, लोकांनी निवडून दिलंय त्याला. इंजिनिअर कोन हाय हितं? दादाला रेघ काय ठावं?”

आबाजी फार लक्ष देऊन मीठ बोटाने सारखे करत होता. वाद आपल्या अंगावरून दुसरीकडे वळतो आहे हे कळल्यावर माणूस जसा हालचाल करत नाही, तसा तो बसला होता.

तात्यांना ऐकू कमी येई. ते आपले दिंड संपवत होते. पण ‘रेघ’ हा शब्द त्यांनी ऐकला असावा. त्यांनी तोंड पुसले.

“ती रेघ मी धरलीय,” ते म्हणाले.

“काय तात्या?”

“एकसष्टाची. साहेब शिडीवर, मी खाली रंगाचा डबा धरून. मुकादम व्हतो तवा.” त्यांनी आबाजीकडे मान वळवली. “तू व्हतास की रं संगं. सात-आठ वरसाचा. साहेबानं विचारलं, रेघ का मारायची? मला सांगता आलं न्हाय. तूच म्हनलास, पानी हिच्यावर गेलं का वळन सुटनार. साहेब हसला. तुला बिस्कुट दिलं.”

बाहेर कुठूनतरी फेर धरलेल्या बायकांचे गाणे येत होते. ते एकाएकी बंद झाले आणि परत सुरू झाले नाही.

“ताक वाढ, प्रयागे,” तात्या म्हणाले.

आबाजीने ताक घेतले नाही. तो पानावरून उठला, हात धुतले आणि टॉवेल परत देताना रामहरींना म्हणाला, “दाजी, जीप हाय का? मला तितं जायचंय. उद्या सभागृहात म्हस्कूला फरार म्हनायच्या आधी, लिहिनारा कोन हाय ते बघू.”

*

निमगाव केतकी मागे पडल्यावर रस्त्यावर माणूस दिसले नाही. आभाळ खाली आले होते पण पाऊस नव्हता आणि वाराही नव्हता. रामहरी जीप चालवत होते. मागे अय्युब बसला होता. आबाजीने दोनदा बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा रस्त्याबद्दलच काहीतरी बोलून सोडून दिले.

पावणेपाचला ते वळणापाशी पोहोचले.

आबाजी चौदा तारखेला इथे येऊन गेला होता. पण तेव्हा गर्दी होती, पोलीस होते, रडणे होते. आज काही नव्हते. बांधाला पडलेले खिंडार साठ फुटांचे. त्याच्या कडेला शंभरेक घमेली पालथी घालून रांगेत ठेवलेली. फावडी शेजारी, सगळ्यांची तोंडे एका दिशेला. पंचमीला माती खणायची नाही म्हणून मजूर आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते, आणि जाताना हत्यारे धुऊन गेले होते.

खाली वस्तीची जागा. पाण्याने भिंती, छपरे, चुली, झाडेसुद्धा नेली होती. दगडी जाती नेली नव्हती. सपाट वाळलेल्या गाळात पाच जागी पाच जाती बसलेली होती, एकमेकांपासून घराघराच्या अंतरावर. एकाचा खुंटा शाबूत होता. तेवढ्यावरून कोणाचे घर कुठे होते, हे सांगता आले असते.

“ह्या मधल्या घरात मुक्ताबाई राहायची,” अय्युब म्हणाला. कोणी विचारले नव्हते.

आबाजी कालव्याकडे वळला. पात्र कोरडे होते. तळाशी फुटलेला चिखल. दरवाजाच्या दगडी खांबावर गेजची पट्टी, आणि तिच्यावर ती तांबडी रेघ. रंग फिका झाला होता, तरी दुरून दिसत होती. आबाजीच्या मनात होती तेवढी ती उंच नव्हती.

पात्रात एक बाई उतरत होती.

तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. डोक्यावर गवताचा भारा होता, तो तिने काठावर ठेवला. दगडाच्या पायऱ्या उतरून ती खांबापाशी गेली, पदराने पट्टीवरचा चिखल पुसला, वाकून पट्टीचे सगळ्यात खालचे टोक पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, “न्हाय.” मग कमरेची वही काढून लिहू लागली. कोरड्या कालव्यात उभी राहून ती लिहीत होती आणि तिघे वरून बघत होते. रामहरींनी घड्याळ पाहिले. पाच वाजले होते.

ती वर आली. चाळिशीची, लहान चणीची. कुंकू होते. बांगड्या होत्या.

“सारजाबाई,” रामहरी म्हणाले. “म्हस्कूची बायको.”

“म्हस्कू कुठं हाय, बाई?” आबाजीने विचारले.

“कामावर.”

“कुठल्या कामावर?”

“ह्याच. दुसरं काम न्हाय त्याला.”

हेच उत्तर तिने पोलिसांना दिले होते. पोलिसांनी ते लिहून घेतले होते आणि त्यावरून ‘फरार’ हा शब्द तयार झाला होता.

“चिठ्ठ्या कोन लिहितं?”

“मी लिहिते.”

अय्युबच्या तोंडातून श्वास सुटल्याचे ऐकू आले.

“कवापासनं?”

“त्याला दिसायचं कमी झालं तवापासनं. तीन वरसं झाली असतील. रातच्या शाळेत शिकले व्हते मी. तो पट्टीला हात लावून सांगायचा, पानी कुठवर लागतं ते. मी वाचून लिहायची.”

“त्याच्या नावानं?”

“नेमनूक त्याची हाय.”

“पोलीस बसला व्हता पेटीपाशी. त्यानं बघितलं न्हाय तुला?”

“बघितलं की. राम राम केला. त्याला म्हस्कूवर नजर ठेवायला सांगितलं व्हतं. गवत घेऊन जानाऱ्या बाईवर न्हाय.”

ही चेष्टा होती की नुसती माहिती, हे तिच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हते. आबाजी जिथे उभा होता तिथून तिच्यामागे ती पाच जाती दिसत होती. त्याने जागा बदलली.

“पानी न्हाय. कालवा फुटलाय. मग अजून का लिहितीस?”

“बंद कर असं कुनी सांगितलं न्हाय. शेवटली चिठ्ठी साहेबांची. त्यात ‘राहू द्या’ लिहिलंय. त्यावर दुसरी आली न्हाय.”

तिने वहीच्या पुठ्ठ्यातून एक चिठोरी काढून रामहरींपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. अक्षर आपले आहे हे त्यांना दुरूनच दिसत होते.

“ती आली तवा मी वाचून दाखवली त्याला,” सारजा म्हणाली. “दोनदा वाचायला लावली. पाझर वाढला व्हता. मी म्हनलं, उघड दरवाजा, काय व्हायचं ते व्हईल. तो म्हनला, साहेबांनी राहू द्या म्हनलंय, तर वर कुनीतरी इचार केला आसंल. साहेब उगं लिहिनार न्हाय. मग दरवाजाच्या चाकापाशी जाऊन बसला. चाकावर हात ठेवून. मी सांडव्याच्या खोलीत झोपले. पहाटं बघितलं, तवा बी हात चाकावरच व्हता. फिरवला न्हाय. मग वळनाकडं आवाज झाला आन तो तिकडं गेला.”

‘वर कुनीतरी.’ आबाजीला बारशाची पंगत आठवली. आपण म्हणालो, चार दिवस वाढवून द्या. त्या वेळी तांबडी रेघ मनात आली नव्हती असे नाही. आली होती. पण वाटले होते, खाली इंजिनिअर आहे, तो रेघ बघेल. इंजिनिअरला वाटले, वर मंत्री आहे, त्याने बघितले असेल. आंधळा होत चाललेला पाटकरी चाकावर हात ठेवून बसला आणि त्याला वाटले, कोणीतरी बघितले असेल. या सगळ्यात रेघेकडे प्रत्यक्ष बघणारी ही एकच बाई होती, आणि तिची नेमणूक नव्हती.

“तुमी कुठल्या खात्याचं?” सारजाने त्याला विचारले.

“ह्याच.”

“मग सांगा. उद्यापासनं कुनाच्या नावानं लिहू?”

आबाजीने रामहरींकडे पाहिले. रामहरी म्हणाले, “तुमच्या.”

“माझं नाव घातलं तर घेत्याल?”

“घेतो,” अय्युब म्हणाला. “मी घेतो नोंदीला.”

मग तिने भारा उचलला. आबाजी मदतीला पुढे झाला, तेवढ्यात तिने तो डोक्यावर घेतलाही होता.

“आन त्याचं काय लिहू?” तिने विचारले. मग अठ्ठावन्नाव्या मैलाच्या दिशेने चालू लागली. ती बांधावरून लांब जाईपर्यंत दिसत होती, आणि तिच्या चालण्याचा आवाज मात्र आधीच बंद झाला होता.

परत येताना निमगावच्या अलीकडे आबाजीने जीप थांबवायला सांगितली. अय्युबला थोडे पुढे चालायला लावले.

“दाजी, फायलीत एक टिपनी घाला. दहा तारखेची. ‘उपमंत्र्यांनी आज तोंडी हुकूम दिला.’ मी खाली सही करतो. तुमी मोकळं.”

“आज चोवीस तारीख आहे.”

“माझ्यावरच घेतोय की मी. तुमाला वाचवायला.”

“दहा तारखेला मी काही लिहिलं नाही, आबासाहेब. लिहिलं असतं तर बहुतेक रेघेचंही लिहिलं असतं, आणि तुम्ही वाचून थांबला असता. तेच तर झालं नाही. आता ते झालं असं कसं दाखवू?”

“चोवीसची घातलीत तर चौदा दिवस गप बसलात असं दिसंल.”

“गप्प बसलो.”

आबाजीने खिशातला मसुदा काढला, चार तुकडे केले आणि परत खिशातच ठेवले. त्याला ते रस्त्यावर टाकवले नाहीत.

“बरं,” तो म्हणाला. “मग टिपनी ऱ्हाऊ द्या. उद्या हुकूम माझा म्हनून सांगतो. पन तुमचं नाव त्या सभागृहात निघनार न्हाय, एवढा शब्द देतो. प्रयागेला सांगा.”

रामहरींनी जीप सुरू केली. त्यांनी हो म्हटले नाही, आणि आबाजीच्या ते ध्यानात आले नाही.

*

सोमवारी पाऊण वाजता पुण्याहून ट्रंक कॉल आला. टेलिफोन कचेरीत होता. अय्युबने बंगल्यावर येऊन सांगितले की साहेबांना नव्हे, बाईसाहेबांना बोलावले आहे. प्रयागबाई पदर सारखा करत गेली. रामहरी आपल्या खुर्चीत बसले होते, पुढे टेबल मोकळे.

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“सांगितलं,” आबाजीचा आवाज आला. लांबून, खोल भांड्यातून यावा तसा. “ऐकू येतंय का?”

“येतंय. काय सांगितलं?”

“म्हटलं, पानी वाढवायचा हुकूम माझा व्हता. तोंडी. रेघ मला ठावी व्हती. पाटकऱ्यानं वेळेवर कळवलं व्हतं, त्याच्या कामात कसूर न्हाय.”

“मग?”

“मग गलका. समोरच्या बाकावरनं एकानं विचारलं, हुकूम अमलात कुनी आनला, त्याचं नाव सांगा. मी म्हटलं, सांगनार न्हाय. खात्यानं कुनाची चौकशी करायची ती करावी, हितं उत्तर द्यायला मी उभा हाय. तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा तेच सांगितलं.”

“आन तुझं?”

“राजीनामा दिलाय. घेत्यात का बघायचं. मोहन वरच्या गॅलरीत व्हता. उतरून गेला, भेटला न्हाय.” मग आवाजात लहानपणीचा दादा आला. “प्रयागे, दाजींचं नाव न्हाय निघालं. पेपरात बी येनार न्हाय. तेवढं सांगायला फोन केला.”

प्रयागबाईने नवऱ्याकडे पाहिले. सकाळी सहाला उठून त्यांनी मुख्य इंजिनिअरांना पत्र लिहिले होते, आणि लखोटा बंद करण्याआधी तिला वाचून दाखवले होते. बांधाची स्थिती मला माहीत होती. वरिष्ठांना ती सांगणे माझे काम होते, ते मी केले नाही. पाटकऱ्याची सूचना मिळूनही दरवाजा बंद ठेवण्याचा लेखी आदेश मी दिला. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख चोवीस नव्हे, पंचवीस. ती तेव्हा म्हणाली होती, दादानं शब्द दिलाय, मग कशाला? ते म्हणाले होते, दादांनी सभागृहाला उत्तर द्यायचं. मी खात्याला. दोन वेगळी कामं आहेत.

“दादा,” ती म्हणाली. “ह्यांनी नाव दिलंय. सकाळच्या टपालानं. मोठ्या साहेबांना.”

तारेत खरखर होत राहिली.

“पोस्टात सांगून परत मागवता यील,” आबाजी म्हणाला. “मास्तर वळखीचा हाय आपल्या. विचार त्यांना.”

तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि नवऱ्याला विचारले. रामहरींनी मान हलवली.

“न्हाय म्हनत्यात.”

मधल्या ऑपरेटरचा आवाज आला, तीन मिनिटे झाली, वाढवायची का?

“वाढवा,” आबाजी म्हणाला.

प्रयागबाई वाट पाहू लागली. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे तो तिथेच होता. पुढची तीन मिनिटे त्या तारेवरून कोणीही एक शब्द बोलले नाही. ती संपेपर्यंत तिने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.